तेहतिसावं घर

आत्याबाईंनी पांढऱ्या फळ्यावर एका ओळीत बत्तीस चौकोन काढले. पट्टी न लावता काढले, तरी एकही वाकडा नव्हता. मग त्या ओळीला चिकटून त्यांनी आणखी एक चौकोन काढला आणि तो लाल पेनने गिरवला.

“ही बत्तीस घरं पेशंटच्या नावाची,” त्या म्हणाल्या. “एका घरात एक अक्षर. शेवटचं घर मात्र अक्षराला द्यायचं नाही. तिथे ‘नाव संपलं’ अशी खूण ठेवायची. म्हणजे नाव जास्तीत जास्त एकतीस अक्षरांचं. आणि हे शेजारचं लाल घर आहे ना, यात औषधाचा आकडा. तासाला किती सोडायचं, तो.”

“आणि नाव चाळीस अक्षरांचं आलं तर?” मालकीणबाईंनी विचारलं.

“तर तेहतिसावं अक्षर सरळ शेजाऱ्याच्या घरात शिरतं. यंत्राला वाटतं, हाच औषधाचा आकडा.”

मालकीणबाईंनी पुढे होऊन लाल चौकोनावर बोट ठेवलं. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढलेली. रुग्णालयात खाटेशेजारी उभं राहून सलाइनमधून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारी यंत्रं इथे बनत. मालकीणबाई शिकल्या होत्या औषधशास्त्र, कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण न कळणाऱ्या गोष्टीवर नेमका प्रश्न विचारायची त्यांना खोड होती. ती खोड सगळ्यांना जड जाई.

टेबलावर एक पत्र पडलं होतं. बाहेरच्या एका तज्ज्ञाने कंपनीचं एक यंत्र विकत घेऊन आपल्या घरच्या टेबलावर ठेवलं, नेटवर्कवरून त्याला एक लांबलचक नाव पाठवलं आणि औषधाचा वेग आपल्याला हवा तसा बदलून दाखवला. पत्र अतिशय सभ्य भाषेत होतं, म्हणून जास्तच झोंबलं. नशीब एवढंच की कुठल्या पेशंटला धक्का लागला नव्हता. भोक त्याच दिवशी बुजवलं होतं, सगळ्या रुग्णालयांना दुरुस्ती पोचली होती. आता उरला होता तो खुलासा.

“मला एकच सांगा,” मालकीणबाई म्हणाल्या. “माणूस चुकला की प्रोग्रॅमची भाषा?”

“माणूस,” साहेबांनी लगेच सांगून टाकलं. साहेब म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सगळ्यांचे प्रमुख. सोळा वर्षांपूर्वी ते आत्याबाईंच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांना मिशीही धड फुटली नव्हती. “नावं आधी यंत्राच्या बटणांवरून भरायचे, तिथे एकतिसाच्या वर अक्षर उमटतच नव्हतं. सात महिन्यांपूर्वी आपल्या नव्या मुलीने रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमधून नाव थेट यंत्रात आणायची सोय केली. आणि न मोजताच आत सोडलं. तिला कायम करायचं पत्र शुक्रवारी निघणार होतं. ते काढायचं नाही. बाकीच्यांना दोन दिवस प्रशिक्षण देऊ. विषय संपला.”

“आणि चूक भाषेची असेल तर?”

“तर यंत्राच्या प्रोग्रॅमचा सगळा गाभा दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहायला लागेल. दोन वर्षं तरी जातील.”

“भाषेला कशाला मध्ये ओढताय?” आत्याबाईंना राहवलं नाही. “सव्वीस वर्षं मी याच भाषेत लिहितेय. ती बिचारी सांगाल तेवढं करते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. लिहिणाऱ्याने जपून लिहावं. जपून लिहिणारा माणूस चुकत नाही.”

मालकीणबाईंनी पत्राची घडी घातली. “मग तुमचं मत मला शुक्रवारी अकरा वाजता लेखी द्या, आत्याबाई. खाली तुमची सही असली की मला पुरे.”

आत्याबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसात कुणाच्याही मागे जाऊन उभं राहायचं, पडद्यावर बोट ठेवायचं आणि “हे काय रे हे?” म्हणून कान उपटायचा, या गुणांमुळे कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते असं बसलं की पगाराच्या पाकिटावर खरं नाव दिसलं की त्यांना स्वतःलाच क्षणभर परकं वाटे. मनातून त्यांना ते आवडायचं. आत्या म्हटलं की हक्क आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी नव्या मुलीला बोलावून घेतलं. मुलगी आली ती वही छातीशी धरून. दोन दिवसांत चेहरा पार उतरला होता तिचा. आत्याबाईंनी खुर्ची दाखवली, तरी ती काठावरच बसली.

“नाव मोजायचं असतं, हे तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“अगं, इथल्या पोराटोरांना माहीत आहे! नाव आत पाठवणाऱ्याने मोजायचं, आत घेणारा मोजत नाही. इथला पहिला नियम आहे तो.”

“कुठे लिहिलाय?”

तो नियम कुठेच लिहिलेला नव्हता. नवीन माणूस लागला की पहिला आठवडा तो आत्याबाईंच्या शेजारी बसे. चहा पिता पिता त्या त्याला असे पंधरा-वीस नियम सांगत, आणि तो माणूस ते जन्मभर विसरत नसे. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. ही मुलगी लागली त्या महिन्यात आत्याबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. परत आल्या तोवर मुलगी कामाला जुंपलेली होती.

“मी तुमचा प्रोग्रॅम वाचला होता,” मुलगी हळूच म्हणाली. “नाव घरांत भरणारा. तीनदा वाचला. त्यात कुठे मोजलेलं दिसलं नाही. पण तुम्ही लिहिलेला होता. मला वाटलं, मोजलेलं असणारच, मलाच समजत नाहीये.”

आत्याबाईंनी उगाच टेबलावरचे कागद सरळ केले.

“नव्या भाषेत हे झालंच नसतं,” मुलगी म्हणाली. “बत्तीस घरांत चाळीस अक्षरं भरायला गेलं की ती तिथल्या तिथे काम थांबवते. शेजारच्या घरात जाऊच देत नाही.”

“म्हणजे चूक भाषेची, असं म्हणायचंय तुला?”

“नाही, नाही! चूक माझीच आहे.” मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते तिने वहीच्या कोपऱ्याने पुसलं. “मी आपलं म्हटलं फक्त. आत्याबाई, औषधाच्या यंत्रात चूक केली म्हणून काढलं, असं एकदा माझ्या नावापुढे लागलं तर मला दुसरीकडे कोण घेईल? मला यंत्रांचंच काम करायचंय. लहानपणापासून दुसरं काही करावंसं वाटलंच नाही मला.”

आत्याबाईंना तिची दया आली. खरं सांगायचं तर गलबलूनच आलं. पण दया वेगळी आणि मत वेगळं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मुलगी गेल्यावर त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘अनुभवी व्यक्तीकडून ही चूक झाली नसती.’ वाक्य वाचलं. चांगलं होतं, ठाम होतं. पण आत्याबाईंना पुराव्याशिवाय काही लिहायची सवय नव्हती. सबब त्यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं.

बुधवारी सकाळी त्यांनी ऑफिसातले सगळ्यात मुरलेले सहा जण एका खोलीत बसवले. त्यात त्या स्वतः होत्या, साहेब होते, आणि उरलेल्या चौघांपैकी प्रत्येकाची इथे दहा वर्षं उलटून गेलेली. काम साधं होतं. बाहेरून आलेलं नाव बत्तीस घरांत नीट बसवणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायचा. वेळ एक तास. भाषा तीच, रोजची.

“नव्या पोरीचाच प्रोग्रॅम की हा,” चौघांतला एक म्हणाला.

“तोच. तुम्ही लोक तो डोळे मिटून लिहाल, हे मला कागदावर दाखवायचंय. डोळे मात्र मिटू नका.”

तपासायचं काम शंकोबांकडे होतं. शंकोबा म्हणजे कंपनीचे चाचणी करणारे गृहस्थ. दार ओढून घेतल्यावर ते खरंच लागलं का हे बघायला पुन्हा उघडून पाहणारे. त्यांनी एक अट घातली. कागदावर नावं नकोत. प्रत्येकाने टोपीतून एक चिठ्ठी उचलायची, तो आकडा प्रोग्रॅमवर घालायचा, आणि कुणाचा कुठला ते कुणाला सांगायचं नाही.

“नावं दिसली की मी भिडेखातर सगळ्यांना पास करीन,” ते म्हणाले. “मला मुलंबाळं आहेत.”

आत्याबाईंनी चिठ्ठी उचलली, आकडा प्रोग्रॅमच्या डोक्यावर टाकला आणि चिठ्ठी चष्म्याच्या घरात सारून दिली. मग त्यांनी अगदी मन लावून लिहिलं. आधी नावाची लांबी मोजली. लांबी जास्त भरली तर नाव परत पाठवलं, यंत्राला इशारा दिला. वीस मिनिटांत काम हातावेगळं झालं. शेवटी प्रोग्रॅम चालवून पाहिला. दोन-तीन नावं घातली, एक छोटं, एक मध्यम, एक आगगाडीसारखं लांब. सगळं सुरळीत. भाषेने हूं की चूं केलं नाही.

दुपारी चार वाजता शंकोबा यादी घेऊन आले. मालकीणबाई सोडून सगळे जमले होते.

“एक नंबर, पास,” शंकोबांनी वाचायला सुरुवात केली. “दोन नंबर, नापास. मोजलंय, पण नाव भरून झाल्यावर मोजलंय.”

खोलीत हशा पिकला.

“तीन नंबर. नापास. एकतीस अक्षरांना बरोबर, तेहतीस अक्षरांना बरोबर अडवलं. बत्तीस अक्षरांचं नाव मात्र आत घेतलं, त्यामुळे शेवटची खूण, म्हणजे शून्य, गेली औषधाच्या घरात. औषध बंद.”

“हा कोण गाढव?” आत्याबाई ताडकन म्हणाल्या. “शेवटचं घर खुणेचं, हे मी एकेकाला शंभर वेळा सांगितलंय!”

पुन्हा हसू उठलं. शंकोबांनी पुढे वाचलं. चार पास. पाच नापास, सहा नापास. सहांतले चार नापास म्हटल्यावर हसणं हळूहळू विरलं.

साहेब खुर्चीतून उठले. “असू दे. दोघं तरी पास आहेत की नाही? आणि त्यातल्या एक आत्याबाई, हे काय सांगायला हवं? म्हणजे नीट तयार झालेला माणूस चुकत नाही, हेच ठरलं. बाकीच्यांना प्रशिक्षण द्यायचं. मुद्दा बदलत नाही.” ते जरा जास्तच मोठ्याने बोलत होते.

आत्याबाईंनी मान डोलावली. जागेवर आल्या, चष्मा पुसायला म्हणून त्याचं घर उघडलं. पुसायच्या कापडावर ती चिठ्ठी पडली होती. तिच्यावर शंकोबांच्या अक्षरात, ठळक, तीन लिहिलं होतं.

त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे दुसरा आकडा असेल. मग आपला प्रोग्रॅम उघडला. चौथ्या ओळीत होतं ते. लांबी बत्तिसापेक्षा जास्त असेल तर परत पाठव. हवं होतं, बत्तीस असेल किंवा बत्तिसापेक्षा जास्त असेल तर परत पाठव. एवढंसंच राहून गेलं होतं. फोन वाजला नव्हता, कुणी हाक मारली नव्हती, डोकं दुखत नव्हतं. सकाळची वेळ, निवांत खोली, आणि नेमकी हीच चूक टाळून दाखवायला त्या बसल्या होत्या. त्यांचे कान तापले. एवढ्या वर्षांत त्यांना ऑफिसात रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी थोडक्यात राहिलं.

घरी गेल्यावर त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. यजमान सिंकखाली डोकं घालून नळाचा वायसर बदलत होते. पस्तीस वर्षं कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर काढून आता निवृत्त झालेले, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

“झाली का परीक्षा?” त्यांनी आतूनच विचारलं.

“झाली. चार नापास.”

“बाप रे! तुझा आला ना बरोबर?”

“हो.”

पाना फिरल्याचा आवाज झाला. मग आत्याबाई म्हणाल्या, “अहो, ऐका ना. नाही आला.”

यजमान सिंकखालून बाहेर आले. बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पाना खाली ठेवला. आत्याबाईंनी सगळं सांगितलं, गाढव म्हटलं तेसुद्धा सांगितलं. तिथे मात्र यजमानांना हसू आवरेना. इतके हसले की ठसका लागला.

“हसा. हसा अजून.”

“अगं, रागावू नकोस.” त्यांनी हात पुसले. डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापाशी संपत होती. लग्नानंतर आठव्या वर्षी गेलेलं ते बोट बघायची आत्याबाईंना इतकी सवय झाली होती की आता ते दिसतही नसे. “हे गेलं तेव्हा मला त्या यंत्रावर किती वर्षं झाली होती, आठवतंय?”

“बारा-तेरा.”

“तेरा. त्या खात्यात सगळ्यात जुना मी. नवीन पोरांची बोटं फारशी जायची नाहीत, माहितीये? ती घाबरत घाबरत हात घालायची. जायची ती आमच्यासारख्यांची. हात आपोआप चालायचा आणि डोकं दुसरीकडे.”

“मग काय केलं तुमच्या लोकांनी?”

“आधी पाटी लावली. ‘लक्ष देऊन काम करा’. हे एवढी मोठी अक्षरं. त्या पाटीखाली आणखी दोघांची बोटं गेली. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि यंत्राला दोन बटणं बसवली, दोन टोकांना. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. हात बटणावर असले की पात्याखाली येतीलच कसे? आम्ही म्हाताऱ्यांनी काय शिव्या घातल्या असतील त्या बटणांना! काम हळू होतं, आम्हाला काय कळत नाही का, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत का. वर्षभर कुरकुर चालली.”

“आणि मग?”

“मग काय. मी निवृत्त होईपर्यंत त्या यंत्रावर कुणाचं बोट गेलं नाही.”

ते पुन्हा सिंकखाली शिरले. आत्याबाईंनी जमिनीवरचा पाना उचलून त्यांच्या हातात दिला. कुणाला कळणार नाही, असा एक विचार त्यांच्या मनात संध्याकाळपासून घोटाळत होता. चिठ्ठी फाडून टाकली की संपलं. शंकोबालाही ठाऊक नाही. साहेबांनी तर सगळ्यांसमोर पासाचं प्रमाणपत्र देऊनच टाकलंय. फक्त मग त्या मुलीला जावं लागेल, आणि आपल्या सहीने जावं लागेल.

“शुक्रवारी सांगू का सगळ्यांना?” त्यांनी विचारलं.

“मला कशाला विचारतेस? तुला नळ दुरुस्त करून हवाय की नको?”

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना आत्याबाईंनी नव्या मुलीला हाक मारली. “चल माझ्याबरोबर.”

“मी? आत?”

“तुझ्याविषयी बोलणं आहे, तर तू नको?”

खोलीत मालकीणबाई होत्या, साहेब होते, शंकोबा होते, परीक्षेला बसलेले चौघंही होते. मुलीला पाहून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याबाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

मालकीणबाईंनी शंकोबांची यादी वाचून संपवली. “सहांतले चार,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणतात, हा शिकवण्याचा प्रश्न आहे. जे नीट शिकलेत ते चुकले नाहीत. आत्याबाई, तुमचं मत?”

आत्याबाईंनी मत लिहून आणलं नव्हतं. त्यांनी चष्म्याचं घर उघडून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

“तीन नंबर माझा,” त्या म्हणाल्या. “तो गाढव मीच.”

कुणी हसलं नाही. शंकोबांनी यादीत पाहिलं, मग आत्याबाईंकडे पाहिलं, आणि खात्री करायला पुन्हा यादीत पाहिलं.

“जपून लिहिणारा चुकत नाही, असं मी इथेच तुम्हाला सांगितलं,” आत्याबाई पुढे म्हणाल्या. “परवा मी जपूनच लिहिलं होतं. याहून जास्त जपून मला लिहिता येत नाही. तरी चुकले. चूक माझीच, भाषेने काही केलं नाही. पण तिने मला ती करू दिली, आणि वर अवाक्षरही बोलली नाही. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की ती माझं ऐकते. अशा किती वेळा ती गप्प बसली असेल, हे आता मला तपासायचंय. आणि हो, नाव मोजायचा नियम मी कधी लिहून ठेवला नाही. चहाबरोबर सांगत राहिले. या मुलीच्या वाट्याला तो चहा आला नाही, हा तिचा गुन्हा नव्हे. तिला काढणार असाल तर त्याच कारणासाठी मलाही काढावं लागेल. माझी चूक तर सगळं माहीत असून झालेली आहे.”

साहेब खिडकीकडे बघत होते. बघता बघता त्यांनी टायची गाठ सैल केली, घसा खाकरला.

“पाच नंबर माझा,” ते म्हणाले.

“अरे!” आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. लोकांसमोर त्या त्यांना नेहमी अहो-जाहो करत. “तू?”

“मी मोजलंच नाही, आत्याबाई. तुम्ही मला शिकवलेला पहिला नियम. विसरलोच. परवापासून झोप नाही मला.” ते मुलीकडे वळले. म्हणाले, “तुझ्याबद्दल मी फार घाईने बोललो.”

मुलीने मान हलवली. तिला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून ती टेबलाची कड घट्ट धरून बसली होती.

“म्हणजे चूक भाषेची,” मालकीणबाई म्हणाल्या. “नवीन भाषा आणली की प्रश्न मिटला.”

“नाही मिटत,” मुलगी पटकन बोलून गेली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागल्यावर लाल झाली. पण मागे हटली नाही. “ही एक चूक ती अडवते. या जातीच्या बऱ्याच अडवते. पण पासवर्ड कुणी उघड्यावर ठेवला तर तीही गप्प बसते. औषधाचा आकडा मुळातच चुकीचा घातला तर तिला कळत नाही. तिथे माणूसच लागतो. शंकोबांसारखा.”

शंकोबांनी खिशातला रुमाल काढून उगाच नाक पुसलं.

मालकीणबाईंनी समोरची फाइल उघडली. तीत दोन कागद होते. एक त्यांनी उचलून चार तुकडे केले. दुसरा कायम करण्याचा होता, त्यावर सही केली आणि तो मुलीच्या दिशेने सरकवला. मुलीने वाचला आणि वहीत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढून वाचला.

“गाभा पुन्हा लिहायला दोन वर्षं, असं साहेब म्हणाले होते,” मालकीणबाई म्हणाल्या. “त्यातली शिकण्यात किती जातील? तुला येते ना ती भाषा? ही मंडळी किती दिवसांत शिकतील, सांग बरं.”

मुलीने टेबलाभोवती एकेकाकडे पाहून घेतलं. प्रश्न तिने फार मनावर घेतला होता.

“साहेबांना तीन महिने. या चौघांना चार.” ती अडखळली. “आत्याबाईंना सात.”

“सात?” आत्याबाई खुर्चीत ताठ झाल्या. “का गं, मी काय ढ आहे?”

“नाही, पण तुम्ही तिच्याशी भांडाल.”

आधी साहेब हसले, मग चौघं, मग मालकीणबाईसुद्धा. शंकोबा हसता हसता खुर्ची मागे कलंडतेय का ते चाचपत होते. आत्याबाईंनी सगळ्यांचं हसू संपेपर्यंत वाट पाहिली.

“भांडेनच,” त्या मुलीला म्हणाल्या. “सोमवारी किती वाजता बसायचं?”